आधी बेकरी, मग बुरूज: स्ट्रॉंगहोल्ड क्रुसेडर खेळताना

भाच्याला मे महिन्याच्या सुट्टीत लॅपटॉपवर स्ट्रॉंगहोल्ड क्रुसेडर, म्हणजे किल्ला बांधून लढायचा गेम, टाकून दिला आणि तिसऱ्याच दिवशी फोन, मावशी हा गेम बोगस आहे, मी एवढी मोठी भिंत बांधली आणि माझीच माणसं मला सोडून चालली. म्हटलं स्क्रीन दाखव. व्हिडिओ कॉलवर बघते तर किल्ला एकदम देखणा, चारी बाजूंनी दगडी तट, कोपऱ्याकोपऱ्यावर बुरूज, दोन गेटहाऊस. आणि आत काय? दोन सफरचंदाच्या बागा, एकटा लाकूडतोड्या, रिकामी माणसं बसतात त्या शेकोटीपाशी चिटपाखरू नाही, पॉप्युलॅरिटी, म्हणजे लोक किती खूश, १०० पैकी ३१. सगळा दगड भिंतीत गेलेला आणि ग्रॅनरीत, म्हणजे खाण्याच्या कोठारात, सफरचंद किती, तर ४.

त्याला काय बोलणार, आपण सगळ्यांनी दिवाळीचा किल्ला असाच तर केलाय. बिल्डिंगच्या मागे विटांचे तुकडे, वर गोणपाट, त्यावर लाल मातीचा चिखल, अळीव पेरायचे, बाजारातून मातीचे मावळे आणायचे, वर सिंहासनावर महाराज. पहिला बुरूज, मग दरवाजा, मग तोफ. मावळे जेवतात काय हे आमच्या चाळीत तरी कोणी कधी विचारलं नाही, अंबारखाना केलेला मी एकदाही बघितला नाही. तीच सवय घेऊन माणूस या गेममध्ये येतो आणि मग बोंबलतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. स्ट्रॉंगहोल्ड २००१ चा, लंडनच्या फायरफ्लाय स्टुडिओजचा, आणि क्रुसेडर त्याचा पुढचा भाग २००२ चा, वाळवंटातला, क्रुसेड म्हणजे जेरुसलेमसाठी झालेल्या ख्रिस्ती-मुसलमान युद्धांच्या काळातला, इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि सुलतान सलादीन दोघेही आहेत. माझ्याकडे तो २००३ मध्ये आला, दादाने लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून पीसी असेंबल केला होता त्याच्यावर, सीडी कुठून आली ते विचारू नका. आता दोन्हीच्या डेफिनिटिव्ह एडिशन निघाल्यात, पहिल्याची २०२३ ला आणि क्रुसेडरची २०२५ ला, चित्रं नवी चकाचक पण आतला हिशोब बराचसा तोच, त्यामुळे खालचं बरंचसं दोन्हीकडे चालेल. फक्त क्रुसेडरमध्ये शेती हिरव्या पट्ट्यातच होते, वाळूत काही उगवत नाही, हे लक्षात ठेवा कारण पुढचं बरंच काही त्याच्यावर आहे.

तर सुरुवात. गेम चालू झाला की हात भिंतीच्या बटणाकडे जाऊ द्यायचा नाही. आधी ग्रॅनरी टाका, मग लाकूडतोडे. किती? सुरुवातीला चार-पाच तरी. एका लाकूडतोड्याच्या झोपडीला ३ लाकडं लागतात आणि बाकी जवळजवळ प्रत्येक गोष्टीला लाकूड लागतं, त्यामुळे पहिली पाच मिनिटं लाकडाचीच. आता एक काम करा, एका लाकूडतोड्यावर क्लिक करून फक्त त्याच्याकडे बघत बसा, दोन मिनिटं. तो झाडापाशी जातो, झाड पाडतो, ओंडका झोपडीत आणतो, करवतीने फळ्या काढतो, फळ्या खांद्यावर टाकून स्टॉकपाइलपर्यंत, म्हणजे माल साठवायच्या जागेपर्यंत, चालत जातो, ठेवतो आणि परत चालत येतो. कापाकापी पटकन होते, वेळ जातो तो चालण्यात. झोपडी नकाशाच्या टोकाला टाकलीत तर तो बिचारा विरारवरून चर्चगेटला अप-डाऊन करतोय असं समजा, दिवसाचे चार तास गाडीतच.

माझ्या मते हा गेम सगळा याच्यावर आहे, बाकीचे लढाई-लढाई करतात पण खरं म्हणजे कोण किती चालतंय एवढंच बघायचं. भाच्याला मी हेच सांगितलं, तलवारी नंतर, आधी तुझी माणसं किती चालतात ते मोज.

खाण्याचं बघा. सफरचंद आणि चीज सरळ आहे, शेतकरी उगवतो आणि ग्रॅनरीत आणून टाकतो. ब्रेडचं तसं नाही. गहू शेतातून स्टॉकपाइलला येतो, गिरणीची पोरं स्टॉकपाइलवरून गहू उचलून गिरणीत नेतात, पीठ पुन्हा स्टॉकपाइलला ठेवतात, मग बेकरीवाला स्टॉकपाइलवरून पीठ नेतो, ब्रेड भाजतो आणि ग्रॅनरीत नेऊन देतो. म्हणजे गिरणी स्टॉकपाइलला खेटून पाहिजे आणि बेकरी स्टॉकपाइल आणि ग्रॅनरी दोघांच्या मध्ये पाहिजे, आणि ग्रॅनरी स्टॉकपाइलच्या शेजारीच टाकलीत तर अर्धं काम आधीच झालं. बालेकिल्ल्याच्या आसपासची जागा ही दादरच्या स्टेशनबाहेरची जागा आहे, तिथे गिरणी आणि बेकऱ्याच हव्यात. एक गिरणी बऱ्याच बेकऱ्यांना पुरते त्यामुळे गिरण्या वाढवत बसू नका, बेकऱ्या आणि गव्हाची शेतं वाढवा. एकदा ही साखळी लागली की सफरचंदाची गरज पोटापुरती राहत नाही, फक्त चवीपुरती राहते. चव का, ते पुढे सांगते.

घरं मात्र लांब टाका. एका घरात ८ माणसं, ६ लाकडं लागतात, आणि या गेममध्ये कोणी घरी जाऊन झोपत नाही, घर म्हणजे फक्त आकडा, माणसं शेकोटीवरून येतात. मग कोपऱ्यात, डोंगराच्या कडेला, जिथे दुसरं काही बसणार नाही तिथे घरं. मुंबईत उलटं असतं म्हणून सवयीने आपण घर कामाच्या जवळ शोधतो, इथे शोधू नका.

स्टॉकपाइल वाढवायचा असेल तर जुन्याला चिकटूनच टाकता येतो, दुसरीकडे नाही, त्यामुळे पहिला टाकतानाच एका बाजूला मोकळी जागा सोडा. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा चारी बाजूंनी बेकऱ्या लावून टाकल्या होत्या आणि मग स्टॉकपाइल भरला भरला म्हणून गेममधला कारकून कानाशी ओरडत बसलेला, शेवटी बेकरी पाडली.

आता पॉप्युलॅरिटी, भाच्याचं दुखणं. ५० च्या खाली गेली की माणसं निघून जायला लागतात, ५० किंवा वर असली आणि घरात जागा असली तर येत राहतात. हा आकडा वर-खाली का होतो ते गेममधल्या पुस्तकात लिहिलेलं असतं पण पोरं ते उघडतच नाहीत. रेशन पूर्ण दिलं तर ०, अर्धं दिलं तर वजा ४, काहीच नाही दिलं तर वजा ८, जास्त दिलं तर अधिक ४ आणि दुप्पट दिलं तर अधिक ८. टॅक्स घेतलाच नाही तर अधिक १, कमी घेतला तर वजा २, मध्यम वजा ४, जास्त वजा ६. आणि चव म्हणाले ती अशी, ग्रॅनरीत दोन प्रकारचं खाणं असेल तर अधिक १, तीन असेल तर २, चारही असेल म्हणजे सफरचंद, चीज, ब्रेड आणि मांस, तर ३.

आता भाच्याचा हिशोब लावा. खाणं एकच प्रकारचं, त्याचे काही नाही. सफरचंद संपत आली म्हणून अर्धं रेशन, वजा ४. आणि सैन्याला पैसे हवेत म्हणून मध्यम टॅक्स, वजा ४. एकूण वजा ८. अर्धपोटी माणसाकडून पैसे पण घेणार आणि वर भिंत बघून खूश हो म्हणणार, कोण राहील? मी त्याला सांगितलं टॅक्स शून्यावर आण, सैन्यातले निम्मे भालेवाले काढून टाक, सैनिक काढला की तो परत साधा माणूस होऊन शेकोटीवर येतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि त्यांना गव्हाच्या शेतावर लाव. तोपर्यंत मार्केटमधून ब्रेड विकत घे, दोन दगड विकावे लागले तरी चालतील. वीस मिनिटांत ५० च्या वर आला.

यावरचं उलट पण आहे. पॉप्युलॅरिटी १०० झाली की त्याच्यावरचं अधिक सगळं वाया जातं. त्यामुळे १०० ला पोचलात की टॅक्स एकेक पायरी वाढवत न्या, जिथे एकूण हिशोब शून्य येतो तिथे थांबा. पैसे तिथेच आहेत. मी कितीतरी दिवस १०० बघून खूश होऊन बसायचे आणि गल्ला रिकामा.

टॅक्सची भरपाई करायला सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे बिअर. हॉप्सचं शेत, ब्रुअरी, मग इन, म्हणजे गुत्ता म्हणा. तीच स्टॉकपाइलची कसरत, हॉप्स स्टॉकपाइलला, तिथून ब्रुअरीत, बिअर पुन्हा स्टॉकपाइलला, तिथून इनवाला पिंप नेतो. पाव वस्तीला पुरली तर अधिक २, सगळ्यांना पुरली तर अधिक ८. देवधर्माचं पण असंच, चॅपल, चर्च, कॅथेड्रल आणि पाद्री फिरून आशीर्वाद देतात, तिथेही पूर्ण झालं तर अधिक ८, पण ते महाग आणि उशिरा. इन आधी. म्हणजे बघा, तीन प्रकारचं खाणं अधिक २, अर्ध्या वस्तीला बिअर अधिक ४, रेशन पूर्ण, आणि मध्यम टॅक्स वजा ४, तरी दर फेरीला अधिक २ उरतंच.

बागा, पुतळे वगैरे लावले की लोक खूश होतात पण कामं हळू करतात, फाशीचा खांब आणि तसल्या भयंकर वस्तू लावल्या की कामं फटाफट पण लोक नाराज, आणि सैनिकांचा जोर पण कमी होतो. बिअर भरपूर असेल तर एक-दोन फाशीचे खांब परवडतात, अनुभवी खेळाडू तसंच करतात. मला ते बघायला आवडत नाही म्हणून मी बागा लावते, हळू तर हळू.

दगड. खाणीतून दगड निघतो पण तो आपोआप येत नाही, बैल लागतात. खाणीशेजारी बैलाचा गोठा टाकायचाच, आणि एक नाही, एका खाणीला दोन-तीन तरी. खाणीबाहेर दगडाचा ढीग साचलेला दिसला की समजा बैल कमी आहेत. बैल कसला हळू चालतो ते बघाल तर कळेल की खाण लांब असेल तर भिंत का होत नाही. लोखंडाची खाण असेल तर लोखंड विका, कच्च्या मालात त्याला भाव चांगला येतो, त्यातून बाकीचं सगळं घ्या.

चीजचं एक लफडं सांगायचं राहिलं. चामड्याची चिलखतं बनवणारा टॅनर असतो तो डेअरीतली गाय नेतो. म्हणजे क्रॉसबोवाले आणि मेसवाले, म्हणजे गदावाले, करायच्या नादात टॅनर लावलात की चीज कमी होतं आणि चव जाते आणि चव गेली की हिशोब वजा. टॅनर लावणार असाल तर डेअरी दोन तरी हव्यात.

इतकं झालं की मग भिंत. आता मात्र मजा आहे, दिवाळीच्या किल्ल्याचा अनुभव इथे कामाला येतो. रायगडचा महादरवाजा बघितला असेल तर आठवा, लांबून दरवाजा दिसतच नाही, दोन बुरुजांच्या मध्ये वळून आत जावं लागतं आणि त्या वळणावर वरून मारा. गेममध्ये तेच करायचं. गेटहाऊस सरळ समोर ठेवू नका, आत घ्या, दोन्ही बाजूंना टॉवर पुढे काढा आणि त्यांच्यावर तिरंदाज. उंचावरून बाण लांब जातो. वाट उघडी मिळाली तर शत्रूचं पायदळ भिंत फोडत बसण्यापेक्षा त्या वाटेनेच घुसतं, मी तरी दरवेळी असंच बघितलंय, म्हणून ती वाट लांब आणि वळणाची करा आणि तिच्यावर डांबराची खाई खणा. तिरंदाजांजवळ शेगडी, म्हणजे ब्रेझियर, ठेवला की ते पेटते बाण मारतात, शत्रू अर्ध्यावर आला की खाईवर एक बाण. बास. एकदा वुल्फ नावाच्या कॉम्प्युटरच्या शत्रूची अख्खी तलवारवाल्यांची रांग अशी गेली आणि मी रात्री एक वाजता एकटीच टाळ्या वाजवल्या, शेजारी उठले.

खंदक पण खणाच, थोडा तरी. खंदक असला की भुयारवाले आत येऊ शकत नाहीत आणि शिड्याही भिंतीला लागत नाहीत. खणायला सैनिक लागतात, भालेवाले स्वस्तात पडतात, ८ सोन्यात एक, त्यांना कामाला लावा. आणि एक-दोन विहिरी आत ठेवा, आग लागली की शेजारशेजारची लाकडी घरं धडाधड जातात.

हे असं का करायचं याचं उत्तर खऱ्या इतिहासातच आहे. पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरच्या आक्रेचा वेढा ११८९ ला सुरू झाला आणि ११९१ ला संपला, जवळजवळ दोन वर्षं, आतले तर उपाशी होतेच पण बाहेरच्या वेढा घालणाऱ्यांचेही हिवाळ्यात भुकेने हाल झाले. आपल्याकडे जिंजी १६९० पासून १६९८ पर्यंत लढली. सात-आठ वर्षं कोणी नुसत्या भिंतीवर लढत नाही.

समोर कॉम्प्युटरचा कोणता शत्रू आहे त्यावर थोडं बदला. रॅट आणि स्नेक म्हणजे उंदीर आणि साप, हे सोपे, सुरुवात यांच्याशीच करा. पिग मेसवाले आणि क्रॉसबोवाले पाठवतो, त्याच्यापुढे तिरंदाज कमी पडतात, क्रॉसबो ठेवा, चिलखत फोडतो. वुल्फची तटबंदी दमवते. खलिफा गुलाम पाठवतो, ५ सोन्याचा एक, मशाल घेऊन येतात आणि तटाबाहेरची तुमची शेतं पेटवतात, त्यामुळे तो समोर असेल तर गहू बाहेर ठेवू नका किंवा शेताशेजारी चार तिरंदाज उभे करा. कोणाकडे मारेकरी असतील तर ते जवळ येईपर्यंत दिसत नाहीत आणि भिंतीवर दोर टाकून चढतात, म्हणून तुमच्या लॉर्डभोवती, म्हणजे किल्ल्याच्या मालकाभोवती, चार-पाच माणसं कायम ठेवा, लॉर्ड मेला की गेम संपला, मग कितीही ब्रेड असो.

हल्ल्याबद्दल फार सांगत नाही, पोट भरलेलं असेल तर जमतं. इंजिनियर ३० सोन्याला एक, ते वेढ्याची दगडफेकी यंत्रं बनवतात, कॅटापल्ट हलवता येतो, ट्रेबुशे एकदा उभा केला की हलत नाही पण लांब मारतो, तो शत्रूच्या टॉवरांपासून लांब आणि आपल्या भालेवाल्यांच्या आड उभा करा. आधी टॉवर पाडा, मग गेट, मग माणसं आत सोडा. अर्ध्यात सोडली तर टॉवरवरचे तिरंदाज चाळणी करतात. तुकड्यांना कंट्रोल आणि आकडा दाबून नंबर द्या, नाहीतर गर्दीत कोण कुठे कळत नाही. आणि निघायच्या आधी सेव्ह करा, मी एकदा अडीच तासांचा खेळ लाईट गेल्यामुळे घालवलाय.

परवा रात्री बारा वाजता भाच्याचा पुन्हा मेसेज. स्क्रीनशॉट होता, बेकऱ्या रांगेत, इन चालू, पॉप्युलॅरिटी १००, टॅक्स सुद्धा बरोबर वाढवलेला, गल्ल्यात पैसे, मनात म्हटलं शाब्बास. खाली लिहिलेलं, मावशी तिरंदाज वर जात नाहीयेत, बग आहे का. झूम करून बघितलं. डोंगराच्या कडेला भिंतीचा एक सुटा तुकडा, मस्त उंच, ना गेटहाऊसला चिकटलेला ना कशाला, आणि वीस तिरंदाज त्याच्या पायथ्याशी वर बघत उभे. मी एवढंच टाइप केलं, जिना लाव.